नुसती जीभ

म्हापशात माझं दुकान, बाजाराच्या तोंडाशी.
सीट कव्हरं, वासाच्या बाटल्या,
चुंबकाचा गणपती, चुंबकाचा सांत आंतोन
(चुंबक एकाच कारखान्यातलं),
आणि काउंटरखाली, कोणी मागितली तरच,
पट्ट्याविना बकल. नुसती जीभ.
खाचेत सारली की गाडी गप्प बसते.
दीडशेला जोडी.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
ही बघा, सगळी हाडच.

मतं मात्र फुकट, आणि दिवसभर.
गुरुदास पेडणेकर नव्या गाडीच्या बॉनेटवर टिचक्या मारतो
फणस बघावा तसा,
म्हणतो पत्रा कसला, बिस्किटांचा डबा.
त्याची धाकटी फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकते.
बाबा, चुरगळायलाच केलाय तो.
गाडी मोडते म्हणून आतला माणूस उरतो.
म्हणजे बारा लाख मोडण्यासाठी? गुरुदास विचारतो.
तिच्याकडे उत्तर होतं,
पण तेवढ्यात तिचा फोन वाजला.

इनास टॅक्सीवाला रात्री झोपला, सकाळी बघतो तर
एसीचं बटण होतं तिथे हवामानाचा अंदाज.
पात्रांव, माझ्या घरात शिरून कोणी चूल हलवली
तर मी पोलिसांत जाईन की नाही?
तू ‘मान्य आहे’ दाबलं असशील.
ते तर सगळेच दाबतात!
मग त्याने एक जीभ घेतली, पिवळ्या पिशवीत,
सुटे नव्हते म्हणून एक वातीचा वासही.

मी मान हलवतो. दोन्ही बाजूंनी.
दुकानदाराला मत परवडत नाही.

कुंदा तीन महिन्यांसाठी स्विंडनला गेली,
अक्षदाच्या बाळंतपणाला. आता आठवा चालू आहे.
फोनवर सांगते, इस्पितळातून सोडण्याआधी
नर्स खाली गाडीपर्यंत आली,
बाळाची खुर्ची गदागदा हलवून पाहिली,
मगच नात हातात दिली.
आणि आपण? शिरगावच्या जत्रेला एका स्कूटरवर चौघं,
अक्षदा पुढे उभी, आरसा धरून.
काही झालं का? मी म्हटलं.
झालं असतं तर
हे विचारायला कोण होतं, ती म्हणाली,
आणि चित्र तिथेच अडकलं, तोंड उघडं ठेवून.
मी बराच वेळ तसाच तिच्याकडे बघत बसलो.

काल अकरा नारळ घेतले.
पिशवी तिच्या सीटवर ठेवली, सवयीने.
उसकईच्या चढावर गाडी ओरडायला लागली.
वजन आहे म्हणजे कोणीतरी आहे,
असं तिला कंपनीने शिकवलंय.
खिशात नमुन्याच्या दोन जिभा होत्या.
गाडी बाजूला घेतली,
नारळांना पट्टा बांधला.
का, ते विचारू नका. मागून बसवाला हॉर्न मारत होता.

पोंबुर्फ्याच्या धक्क्यावर नकाशातली बाई म्हणाली,
सरळ जा.
सरळ नदी होती.

फेरीवरचा बाबल काचेवर टकटक करतो, दर खेपेला:
काचा खाली, पट्टे सोडा,
पाण्याचा कायदा वेगळा.
हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय मला ठाऊक नाही.
त्याचं मत आहे, तीस वर्षांचं, ओलं.

पडद्यावर निळा ठिपका भर पाण्यात,
रस्ता शोधतोय, अजून शोधतोय.
पलीकडे चोडणची खारफुटी, एक बगळा,
इंजिनाची धडधड सीटखालून वर येणारी.

मी आधी नारळांचा पट्टा सोडला.
मग माझा.